रेषेबाहेरच्या घराला पुराचा विमा कशाला?

पत्र:

"नमस्कार. आम्ही दोघं आणि चार वर्षांची मुलगी ह्यूस्टनच्या दक्षिणेला राहतो. गॅल्व्हस्टन काउंटीत, लीग सिटीला घर घेतोय. घर जुनं आहे, २०१७ च्या हार्वे वादळाच्या आधीचं. क्लोजिंग, म्हणजे खरेदीचा अंतिम व्यवहार, पाच आठवड्यांवर आलंय. नकाशावर घर एक्स झोनमध्ये आहे, त्यामुळे बँकेने फ्लड इन्शुरन्स मागितलेला नाही. आमचे रिअल इस्टेट एजंटही म्हणाले, 'इथे गरज नाही.' घराचा नेहमीचा विमा आहे, वादळवाऱ्याचा वेगळा घ्यावा लागतोय, वर प्रॉपर्टी टॅक्स. नवऱ्याचं म्हणणं, आता तिसरा हप्ता नको. काही झालंच तर सरकार मदत करतं, हार्वेच्या वेळी केलीच होती. आम्ही दोघं एच-वन बीवर आहोत, ग्रीन कार्डच्या रांगेत. मुलगी इथेच जन्मली. माझं माहेर चिपळूणचं. २०२१ च्या जुलैत बाबांनी दुकानातला माल २००५ च्या पुराच्या खुणेच्या वर चढवून ठेवला होता. पाणी त्याच्याही वर गेलं. तेव्हापासून नकाशे आणि टक्केवाऱ्या ऐकल्या की माझ्या पोटात गोळा येतो. मी उगाच घाबरते आहे का? शेवटचं म्हणजे, सासूबाईंनी दिलेले दागिने घरातच असतील. पूरविमा घेतलाच तर तेही त्यात धरले जातील ना?"

– एक वाचक, लीग सिटी, टेक्सस

उत्तर:

तुम्ही उगाच घाबरत नाही आहात. पूरविमा घ्या. घराच्या इमारतीचा घ्या आणि आतल्या सामानाचाही घ्या, आणि क्लोजिंगच्या आधी घ्या. तुमच्या पत्रातल्या तीन तपशिलांमुळे माझं मत इतकं ठाम झालं: गॅल्व्हस्टन काउंटी, एक्स झोन आणि एच-वन बी.

सुरुवात झोनपासून करू. फेमाच्या (अमेरिकी सरकारच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या) नकाशावर ए किंवा व्ही अक्षराने सुरू होणारे झोन जास्त धोक्याचे मानले जातात. तिथे दरवर्षी पूर येण्याची शक्यता किमान एक टक्का धरलेली असते. १९७३ च्या कायद्यानुसार अशा भागातल्या घरावर कर्ज देताना बँकेला पूरविमा मागावाच लागतो. तुमच्या घरासाठी तो मागितला नाही, कारण कायद्याने बँकेवर तशी सक्ती नाही. बँकेने फक्त आपलं कर्ज कोणत्या नियमात बसतं ते पाहिलं. तुमच्या दिवाणखान्यात पाणी येईल का, हा प्रश्न त्या कागदपत्रांत कुणीही विचारलेला नाही. एजंटनी 'गरज नाही' म्हटलं, ते याच अर्थाने. मला अशा वेळी खरंच राग येतो. आयुष्यातली सगळ्यात मोठी खरेदी करणाऱ्या माणसाला हे पूर्ण वाक्य सांगायला अर्धा मिनिटही लागत नाही.

त्या एक टक्क्याचा हिशेबही नीट मांडून पाहा. दरवर्षी एक टक्का म्हणजे तीस वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत एकदा तरी पूर येण्याची शक्यता २६ टक्के, चारात एक. हे झालं रेषेवरच्या, म्हणजे जास्त धोक्याच्या झोनच्या कडेला असलेल्या घराचं. एक्स झोनची शक्यता त्याहून कमी, पण किती कमी, ते एक्स या अक्षरावरून कळत नाही. नकाशावर रंग भरलेला एक्स असेल तर घर शंभर वर्षांच्या (दरवर्षी एक टक्का शक्यतेच्या) आणि त्याहून दुर्मिळ अशा पाचशे वर्षांच्या पुराच्या रेषांच्या मधे आहे. रंग नसेल तर दोन्हींच्या बाहेर. तुमचं कोणतं, ते फेमाच्या मॅप सर्व्हिस सेंटरवर पत्ता टाकला की दिसेल.

पण बाहेर असलात तरी पुढची आकडेवारी वाचा. हार्वेच्या वेळी शेजारच्या हॅरिस काउंटीत सुमारे १,५४,००० घरांत पाणी शिरलं, असा तिथल्या पूर नियंत्रण विभागाचा अंदाज आहे. त्यातली सुमारे ७०,००० घरं, म्हणजे जवळपास निम्मी, दोन्ही रेषांच्या बाहेरची होती. पाणी शिरलेल्या घरांपैकी बहुसंख्य घरांना पूरविमाच नव्हता. हा फक्त एका वादळाचा अपवाद नाही. फेमाच्याच म्हणण्यानुसार २०१५ ते २०१९ या काळात आलेल्या पूरविम्याच्या दाव्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक दावे जास्त धोक्याच्या क्षेत्राबाहेरून आले.

असं का होतं, ते चिपळूणच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. भरतीच्या वेळी वाशिष्ठीचं पाणी खाडीत उतरायला तयार नसतं, हे तुम्ही लहानपणापासून ऐकलं असेल. लीग सिटीच्या उत्तरेला क्लिअर क्रीक हा ओढा आहे, दक्षिणेला डिकिन्सन बायू (हाही संथ ओढाच), आणि दोन्हींचं पाणी गॅल्व्हस्टन बेमध्ये, म्हणजे उपसागरात, जातं. जमीन इतकी सपाट की पाण्याला उतारच मिळत नाही. वादळाने बे फुगवला की क्रीकचं पाणी तुंबतं, आणि नेमका तेव्हाच वरून पाऊस कोसळत असतो. नकाशा मुख्यतः क्रीक, बायू आणि समुद्र यांचं पाणी किती पसरेल ते दाखवतो. गल्लीतलं गटार तुंबून किंवा शेजारची नवी वसाहत भराव टाकून उंच केल्यामुळे तुमच्या अंगणात साचणारं पाणी त्यात बहुधा धरलेलं नसतं.

या भागाचा इतिहासही पाहा. १९७९ च्या जुलैत क्लॉडेट नावाचं, हरिकेनही नसलेलं एक वादळ आलं आणि तुमच्यापासून जवळच असलेल्या ॲल्विनला चोवीस तासांत ४२ इंचांहून जास्त पाऊस झाला. २००८ च्या सप्टेंबरात आयक वादळाने समुद्राचंच पाणी आत ढकललं. हार्वे २५ ऑगस्ट २०१७ रोजी किनाऱ्यावर आलं ते रॉकपोर्टजवळ, तुमच्यापासून दीडशे मैल दूर. पण नंतर ते रेंगाळलं आणि क्लिअर क्रीकच्या आसपास चाळीस इंचांहून अधिक, म्हणजे हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडला. लीग सिटी, फ्रेंड्सवुड, डिकिन्सन या गावांत हजारो घरांत पाणी शिरलं. पुढच्या वर्षी हवामान खात्याच्या शास्त्रज्ञांनी टेक्ससचे पावसाचे आकडे नव्याने काढले. ह्यूस्टन परिसरात 'शंभर वर्षांतून एकदा' पडणारा चोवीस तासांचा पाऊस आधी सुमारे १३ इंच धरला जायचा, तो १८ इंचांच्या आसपास गेला. नवं गणित आलं म्हणून नकाशे लगेच बदलत नाहीत, त्याला वर्षं लागतात. घर ज्या नकाशावर पाहिलंत त्यावरची तारीख नक्की वाचा. बाबांच्या दुकानातली २००५ ची खूणही त्या वर्षापुरती खरीच होती.

आता तीन विम्यांचा गोंधळ सोडवू, कारण नवऱ्याची 'तिसरा हप्ता कशाला' ही तक्रार त्यातूनच आली आहे. आपल्याकडे घराच्या विम्यात पूर धरलेला असतो. १ एप्रिल २०२१ पासून भारतात लागू झालेल्या 'भारत गृह रक्षा' पॉलिसीत पूर मुळातच आहे, त्यामुळे इथे आलेल्या माणसाला वाटतं की घराचा विमा म्हणजे सगळं आलं. (चिपळूणच्या घराची अशी पॉलिसी आहे का, ते बाबांना आजच विचारा. दुकानातल्या मालाची वेगळी लागते.) अमेरिकेत होमओनर्स, म्हणजे घराच्या नेहमीच्या पॉलिसीतून पूर वगळलेला असतो. खाजगी कंपन्या हा धोका घ्यायला तयार नव्हत्या, म्हणून १९६८ मध्ये केंद्र सरकारने नॅशनल फ्लड इन्शुरन्स प्रोग्रॅम सुरू केला. टेक्ससच्या किनाऱ्यावर त्यात आणखी एक भर. तिथे बऱ्याच कंपन्या वाराही वगळतात, म्हणून किनाऱ्यावरच्या चौदा काउंट्या आणि हॅरिसचा काही भाग यांच्यासाठी टेक्सस विंडस्टॉर्म इन्शुरन्स असोसिएशन आहे. तुम्ही म्हणता तो 'वादळवाऱ्याचा' विमा बहुधा हाच.

म्हणजे एकाच वादळात तीन वाटण्या होतात. नळ फुटून पाणी झालं तर होमओनर्स. वाऱ्याने छप्पर उडालं आणि तिथून पाऊस आत आला तर विंडस्टॉर्म. जमिनीवरून वाहत, वाढत येऊन पाणी दारातून शिरलं तर फक्त फ्लड. तो नसेल तर बाकीचे दोन्ही नकार देतील, आणि पॉलिसीच्या शब्दांनुसार तो नकार बरोबर असेल. आयकनंतर गॅल्व्हस्टन काउंटीतल्याच बोलिव्हर पेनिन्सुलावर कित्येक घरांचा नुसता काँक्रीटचा स्लॅब उरला होता. घर वाऱ्याने नेलं की पाण्याने, यावर लोक कोर्टात भांडत बसले. दोन्ही पॉलिसी हातात असतील तर या भांडणात तुमचं नुकसान कमी होतं.

आता तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त काळजी वाटलेली ओळ: 'सरकार मदत करतं.'

फेमाची आपत्तीनंतरची रोख मदत नागरिकांना आणि कायद्याच्या व्याख्येत बसणाऱ्या ठराविक स्थलांतरितांना मिळते. ग्रीन कार्डधारक त्यात येतात. एच-वन बी किंवा त्यांच्या जोडीदारांच्या एच-फोर व्हिसावरचे लोक येत नाहीत. कर तुम्ही भरता, घर तुमच्या नावावर, पाणी सगळ्यांच्या घरात सारखंच, तरीही त्या अर्जावर तुम्ही स्वतःसाठी सही करू शकत नाही. हार्वेनंतर आपल्या किती लोकांना हे पाण्यात उभं राहूनच कळलं असेल, या विचाराने आजही वाईट वाटतं. निवारा, अन्न, सुटका या तातडीच्या गोष्टी व्हिसा न विचारता मिळतात. रोख रकमेची गोष्ट वेगळी.

तुमच्या घरात एक वाट मात्र आहे. मुलगी नागरिक आहे आणि अल्पवयीन आहे, त्यामुळे तिच्या वतीने, तिचा सोशल सिक्युरिटी नंबर देऊन, तुम्ही कुटुंबासाठी अर्ज करू शकता. हे लक्षात ठेवा, तिची कागदपत्रं वरच्या कपाटात ठेवा. पण त्या मदतीवर घर उभं राहील असं समजू नका. हार्वेच्या वर्षी एका कुटुंबाला मिळू शकणारी कमाल रक्कम ३३,३०० डॉलर होती, आणि बहुतेकांना तिच्या कितीतरी कमी मिळाले. पूरविमा असलेल्यांचे हार्वेचे दावे सरासरी एक लाख डॉलरच्या वर गेले. शिवाय राष्ट्राध्यक्षांनी आपत्ती जाहीर केली तरच ही मदत सुरू होते. एखाद्या संध्याकाळच्या ढगफुटीत तुमच्या गल्लीतल्या वीस घरांत पाणी शिरलं, तर असं काही जाहीर होत नाही. विम्याला यातलं काहीच लागत नाही. व्हिसा कोणता, आपत्ती जाहीर झाली का, पगार किती, कुणी विचारत नाही. पुराची व्याख्या एवढीच की एरवी कोरड्या असणाऱ्या किमान दोन एकर जमिनीवर, किंवा तुमची धरून किमान दोन मालमत्तांवर पाणी यायला हवं.

हे सगळं नवऱ्याला सांगताना कृपा करून चिपळूणपासून सुरुवात करू नका. तुमचा अनुभव खरा आहे, पण त्यांच्यापुढे तो मांडलात की बोलणं तुमच्या भीतीकडे वळतं, आणि मग ते तुम्हाला धीर द्यायला लागतात. धीर तुम्हाला नको आहे, सही हवी आहे. सरकारी मदतीचा नियम आधी दाखवा, कारण त्यांचा सगळा हिशेब त्यावर उभा आहे. आणि त्यांची पैशांची ओढाताणही मनापासून मान्य करा. किनाऱ्यावरच्या टेक्ससमध्ये टॅक्स आणि दोन विमे भरून घर चालवणं अवघडच आहे. मग हातात आकडा ठेवा.

तो आकडा कसा काढायचा? २०२१ च्या ऑक्टोबरपासून या सरकारी विम्याचा हप्ता झोनवरून ठरत नाही. घर पाण्यापासून किती लांब, जमिनीपासून किती उंच, पाया कसला, पुन्हा बांधायला किती खर्च, अशा गोष्टींवरून प्रत्येक घराचा वेगळा ठरतो. त्यामुळे शेजाऱ्याचा हप्ता ऐकून अंदाज बांधू नका, आणि दहा वर्षांपूर्वी एक्स झोनवाल्यांना मिळायच्या त्या स्वस्त ठराविक पॉलिसीच्या आठवणीही बाजूला ठेवा, ती पद्धत संपली. सरकारी पॉलिसी कोणत्याही कंपनीकडून घेतली तरी दर तोच, म्हणून त्यासाठी दहा एजंट फिरायची गरज नाही. एक कोटेशन सरकारी घ्या, एक-दोन खाजगी कंपन्यांची.

त्याआधी विकणाऱ्यांना एक प्रश्न विचारा: तुमच्याकडे फ्लड पॉलिसी आहे का? असेल तर ती तुमच्या नावावर करून घेता येते. जुन्या दरांवरून नव्या दराकडे जाताना राहत्या घराचा हप्ता वर्षाला १८ टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, अशी कायद्याची मर्यादा आहे. विकणारे त्या सवलतीच्या वाटेवर असतील तर पॉलिसीबरोबर तीच सवलत तुमच्याकडे येते. नवी पॉलिसी घेतलीत तर सुरुवातच पूर्ण दराने. हे फार कमी जण विचारतात. घराच्या उंचीचं एलेव्हेशन सर्टिफिकेटही मागून घ्या. ते आता सक्तीचं नाही, पण दिल्याने हप्ता कमी होत असेल तर लावता येतं, वाढत असेल तर बाजूला ठेवता येतं.

तरीही आकडा जड वाटला तर डिडक्टिबल, म्हणजे नुकसानातला तुम्ही स्वतः सोसायचा भाग, वाढवा, दहा हजार डॉलरपर्यंत जाता येतं. तेवढं नुकसान तुम्ही कसंबसं सोसाल. लाखभराचं सोसता येणार नाही, आणि विमा त्यासाठीच असतो. इमारतीचं आणि सामानाचं डिडक्टिबल वेगवेगळं कापलं जातं, हे मात्र धरून चाला. सामानाचा विमा गाळून पैसे वाचवायचा मोह होईल. तो टाळा. तळमजल्यावर फूटभर पाणी आलं तर सोफा, गाद्या, कपाटं सगळं एका रात्रीत जातं.

सरकारी पॉलिसीची कमाल मर्यादा इमारतीला २,५०,००० डॉलर आणि सामानाला १,००,०००. जमिनीची किंमत यात मोजायची नाही, फक्त बांधकामाची. घर पुन्हा बांधायचा खर्च अडीच लाखांच्या बराच वर असेल तर वरच्या रकमेसाठी वेगळा एक्सेस फ्लड मिळतो. खाजगी पॉलिसीत मर्यादा मोठी असू शकते, आणि घर दुरुस्त होईपर्यंतच्या भाड्याचे पैसेही मिळू शकतात, जे सरकारी पॉलिसी अजिबात देत नाही. पण एका मोठ्या पुरानंतर खाजगी कंपनी पुढच्या वर्षी नकार देऊ शकते. या किनाऱ्यावर मी तरी सरकारी पॉलिसीच सुचवेन, आणि भाड्यासाठी बँकेत काही महिन्यांची रक्कम वेगळी ठेवा म्हणेन.

आता तारखेचं. सरकारी पूरविमा घेतल्यावर तो लागू व्हायला ३० दिवस लागतात. मेक्सिकोच्या आखातात वादळ दिसल्यावर घेतलेली पॉलिसी त्या वादळाला उपयोगाची नाही. मात्र घराचं कर्ज होताना, क्लोजिंगच्या आधी किंवा त्याच वेळी अर्ज आणि पैसे भरले, तर ही वाट पाहावी लागत नाही, क्लोजिंगपासूनच विमा सुरू होतो. 'आधी राहायला जाऊ, मग बघू' म्हणालात तर ही सोय गेली. वादळांचा मोसम १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंत असतो, क्लोजिंग त्यात येत असेल तर आणखीच घाई करा. विंडस्टॉर्मचंही तसंच, वादळ आखातात शिरलं की नवे अर्ज घेणं बंद होतं.

बँकेने मागितलेला नसल्यामुळे हा हप्ता एस्क्रोमधून (बँक टॅक्स-विम्यासाठी पैसे जमा ठेवते त्या खात्यातून) आपोआप जाईलच असं नाही. बँकेला एस्क्रोत घ्यायला सांगा, नाहीतर नूतनीकरणाची तारीख दोघांच्या फोनमध्ये घाला. मुदत संपल्यावर पैसे भरायला ३० दिवसांची सवड असते. ती चुकली तर पुन्हा तीस दिवस थांबणं आलं आणि सवलतही गेली. पुढे कधी घर भाड्याने देऊन दुसरीकडे गेलात तर विमा कंपनीला कळवा. राहत्या घरावर वर्षाला २५ डॉलरचा अधिभार असतो, राहत नसलेल्यावर २५० चा. शिवाय इमारतीची भरपाई घसारा न कापता मिळते ती राहत्या घरालाच, आणि तीही पुरेशा रकमेचा विमा असेल तर.

घर हार्वेच्या आधीचं आहे, म्हणून त्याची पूर्वकथा काढा. १ सप्टेंबर २०१९ पासून टेक्ससमध्ये घर विकणाऱ्याला आधीचा पूर, पूरविम्याचे दावे, फेमाची मदत, पूरक्षेत्र हे सगळं लेखी सांगावं लागतं. तो फॉर्म पुन्हा एकदा शांतपणे वाचा. फक्त एक अडचण: विकणाऱ्याला जे माहीत आहे तेवढंच तो लिहितो. त्यांनी स्वतः घर हार्वेनंतर घेतलं असेल तर कागद कोरा असू शकतो. म्हणून शहराच्या कार्यालयात त्या पत्त्यावर २०१७-१८ मध्ये दुरुस्तीचं परमिट निघालं होतं का पाहा. शेजारच्या जुन्या रहिवाशांना भेटा, 'हार्वेत इथे पाणी कुठपर्यंत होतं?' एवढंच विचारा. लोक हात करून उंची दाखवतात. इन्स्पेक्टरला सांगा की भिंतीच्या खालच्या चार फुटांत ड्रायवॉल (भिंतीच्या जिप्समच्या फळ्या) बदललेलं दिसतंय का, तेही पाहायचं. पाणी आलं होतं असं निघालं तर घर सोडाच असं मी म्हणणार नाही, पण ऑप्शन पिरियड (करार मोडता येण्याची मुदत) शिल्लक असेल तर किमतीवर बोलायला जागा आहे, आणि पूरविम्याचा वाद तिथेच मिटतो.

राहायला गेल्यावर पहिल्या आठवड्यात, सामान लागलं की, प्रत्येक खोलीचा फोनवर व्हिडिओ काढा. कपाटं, ड्रॉवर उघडे ठेवून काढा, टीव्ही-फ्रिजचे सिरियल नंबर दिसू द्या, आणि तो क्लाउडवर ठेवा. सामानाची भरपाई नव्याच्या किमतीने मिळत नाही, घसारा कापून मिळते, म्हणून काय कधी घेतलं त्याच्या पावत्यांना किंमत असते. पाणी आलंच तर ओल्या गाद्या-ड्रायवॉल काढण्यासाठी ॲडजस्टरची (नुकसान पाहायला येणाऱ्या विम्याच्या माणसाची) वाट बघत बसू नका, त्या दमट हवेत बुरशी दोन दिवसांत धरते. आधी फोटो काढा, भिंतीवर पाण्याची पातळी खुणेने दाखवा, कार्पेटचा तुकडा कापून ठेवा, मग काढा. आणि नुकसान झाल्यापासून ६० दिवसांच्या आत सही केलेलं प्रूफ ऑफ लॉस (नुकसानीचं लेखी निवेदन) कंपनीकडे पोचलं पाहिजे. ॲडजस्टरने फॉर्म दिला नाही, ही सबब चालत नाही. गाड्या या पॉलिसीत येत नाहीत. दोन्ही गाड्यांच्या विम्यात कॉम्प्रिहेन्सिव्ह (अपघाताशिवायचं नुकसान भरणारा भाग) आहे ना, तेवढं पाहा.

दागिन्यांसाठी मात्र पूरविम्यावर अजिबात विसंबू नका. दागिने, कलावस्तू वगैरे सगळं मिळून त्यात फक्त २,५०० डॉलरपर्यंत भरपाई मिळते. रोख रक्कम आणि सोन्याची नाणी-वळी तर धरलीच जात नाहीत. आपल्याकडच्या एका जाड बांगडीची किंमतही त्याच्या वर जाते. सराफाकडून प्रत्येक दागिन्याचं लेखी मूल्यांकन करून घ्या आणि होमओनर्सच्या एजंटला ते दागिने पॉलिसीत स्वतंत्रपणे, एकेक नावानिशी नोंदवायला सांगा. अशा नोंदणीत बऱ्याच कंपन्या पुराचं नुकसानही भरतात, पण सगळ्या नाही, म्हणून 'पूर आला तर यांची भरपाई मिळेल का?' हा प्रश्न ईमेलनेच विचारा आणि उत्तरही ईमेलनेच मागा. फ्लडच्या कोटेशनसाठी एजंटशी बोलाल, त्याच वेळी हेही उरकून घ्या.